विनोदी देवी लिहिताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत हलकीफुलकी अद्भुतकथा लिहिणारी मंडळी वाढताहेत. कुणी दिवाळी अंकासाठी लिहितं, कुणी कॉलेजच्या एकांकिकेसाठी, कुणी घरच्या पोरांना रात्री सांगायला. विनोदी देवीबद्दल त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एकच पात्र घेतलंय : गवसामाय, हरवलेल्या वस्तूंची देवी. ती मी शिकवण्यापुरती रचली आहे. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाड्याच्या मागच्या भिंतीत, कडुलिंबाखाली, शेंदूर लावलेला दगड म्हणजे तिचं ठाणं, असं धरून चाला.

१. विनोदी देवी म्हणजे नेमकं काय? विदूषकाला साडी नेसवली की झालं का?

नाही. विदूषक हसवण्यासाठीच मंचावर येतो. देवी हसवायला येत नाही. ती तिचं काम करायला येते आणि तिच्या कामातून हसू फुटतं. तिची शक्ती खरी आहे, तिला स्वतःच्या देवपणाबद्दल शंका नाही आणि ती मनापासून मदत करते. फक्त तिचं जग मोठं आणि आपलं लहान. तिला युगं कळतात, पण वीजबिलाची शेवटची तारीख कळत नाही. तिला अख्ख्या शहरात हरवलेली प्रत्येक वस्तू दिसते, पण कुणाची कोणती हे विचारायचं राहून जातं.

माझं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून आधीच सांगते : देवी खरी असेल तरच विनोद टिकतो. ती ढोंगी, अशक्त किंवा मूर्ख ठरली की दोन पानांत गंमत संपते आणि उरतो तो फक्त उपहास.

२. देवीवर हसणं आपल्या परंपरेत बसतं का? घरचे म्हणतात, हे असलं लिहू नको.

बसतं, आणि चांगलं ऐसपैस बसतं. घरच्यांना पुढच्या गोष्टींची आठवण करून द्या.

एकनाथांचं भवानीआईचं भारूड घ्या. सोळाव्या शतकातलं. त्यातली सून देवीला रोडगा वाहीन म्हणते आणि त्याच्या बदल्यात सासऱ्यापासून नवऱ्यापर्यंत एकेकाचा काटा काढून मागते. आजही ते ऐकताना बाया पदर तोंडाला लावून हसतात. आध्यात्मिक अर्थ वेगळा आहे, तो कीर्तनकार नंतर उलगडून सांगतात, पण आधी हसू येतं. नाथांनी ते मुद्दाम येऊ दिलंय.

जनाबाईंच्या गोष्टीत विठोबा दळायला बसतो, आणि सकाळी काकड आरतीची वेळ झाली म्हणून घाईघाईत स्वतःचं पदक जनीकडे विसरून तिची वाकळ पांघरून देवळात जाऊन उभा राहतो. गाभाऱ्यात वाकळ पांघरलेला देव! त्यापायी जनीवर चोरीचा आळ येतो आणि प्रकरण सुळापर्यंत जातं. म्हणजे देवाच्या एका विसराळूपणातून आधी हसू, मग धोका, मग करुणा. अख्खी कथा कशी बांधायची ते इथे दिसतं.

भाद्रपदातली गौरीची कहाणी तर थेट आपल्या कामाची. गरीब ब्राह्मण तळ्याकाठी जीव द्यायला निघालेला असतो, त्याला म्हातारी भेटते, तो तिला घरी आणतो. ती बसल्या जागी फर्माइशी सुरू करते. एक दिवस घावन-घाटलं, दुसऱ्या दिवशी खीर. दूध कुठून आणू, असं तो विचारतो, तर म्हणते खुंट पूर, दावी बांध आणि संध्याकाळी गाई-म्हशींना नावानं हाका मार. रिकाम्या घरात जेवणाचा बेत ठरवणारी पाहुणी, आणि ती खुद्द देवी. विनोदी देवीचा यापेक्षा चांगला नमुना मला माहीत नाही.

आणि आपल्या विदर्भाची भुलाबाई. शंकर-पार्वती सारीपाट खेळले, शंकर हरले, रुसून निघून गेले, मग पार्वतीनं भिल्लिणीचं रूप घेऊन त्यांना भुलवलं. म्हणून ते भुलोबा, ती भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली तिची गाणी म्हणतात. गाण्यांत सासरची थट्टा, माहेरची ओढ, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायचा खेळ. त्या सारीपाटाची शिल्पं वेरूळच्या लेण्यांत कोरलेली आहेत. वर देव खेळताहेत, खाली गणांनी नंदीची खोडी काढलीय. ज्यांनी ती घडवली, त्यांना देवाच्या घरात हसू चालत होतं.

३. खरी देवी घेऊ की नवी घडवू?

नवी घडवा. कोराडीची जगदंबा, आग्याराम देवी, गावोगावच्या मातामाय या लोकांच्या रोजच्या श्रद्धेच्या जागा आहेत. तिथे नवस बोललेले असतात, आजारपणं असतात, मेलेल्या माणसांच्या आठवणी असतात. तुमची कथा वाचणाऱ्या बाईनं त्याच सकाळी तिथे ओटी भरली असेल. तिची देवी तुमच्या कथेत केळीच्या सालीवरून घसरली तर तिला हसू येणार नाही, आणि यायलाच हवं असंही नाही.

नव्या देवीला मात्र इथल्या मातीचं नाव द्या. विदर्भात माय लावून नावं सहज होतात, ऐकणाऱ्याला ओळखीची वाटतात. नाव ठरलं की गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्या नावाचं ठाणं कुठे आहे का. असेल तर बदला.

वर सांगितलेल्या पारंपरिक गोष्टींत खऱ्या देवता आहेत, मग आपण का नको, असं कुणी हमखास विचारतं. त्या गोष्टी भक्तांनी भक्तांसाठी रचल्या आणि पिढ्यान्पिढ्यांच्या तोंडून घासून आल्या. आपल्या कथेला ती सवलत पहिल्या दिवशी मिळत नाही.

४. तिला कशाची देवी करू?

छोट्या, रोजच्या, थोड्या चिवट गोष्टीची. पाऊस, युद्ध, विद्या हे विषय मोठ्या देवांकडे राहू द्या. अधिकार जितका लहान, तितका तिचा त्याबद्दलचा अभिमान गमतीचा होतो. कूलरच्या टाकीतल्या पाण्याची देवी, लग्नपत्रिकेत राहून गेलेल्या नावांची देवी, जिना चढताना लागणाऱ्या धापेची देवी, अशी कितीतरी सुचतील.

निवडताना एक कसोटी लावा. त्या गोष्टीसाठी माणूस खरंच घायकुतीला येतो का? चावी हरवल्यावर आपण तेहतीस कोटींना हाक मारतो, म्हणून गवसामाय चालते. जिच्यासाठी कुणी हात जोडणार नाही, अशा गोष्टीची देवी केली की तिच्याकडे भक्तच येणार नाहीत आणि तुमच्याकडे प्रसंग.

५. तिची शक्ती किती असावी? सगळं करू शकली तर कथाच संपते.

शक्ती पूर्ण ठेवा, नियम कडक ठेवा. शक्ती कमी केली की ती केविलवाणी दिसते. गवसामायचे नियम असे आहेत : मागितलेली वस्तू सूर्य मावळायच्या आत मिळतेच; पण ती मागणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे धरते; आणि दिलेली वस्तू परत घेत नाही.

आता प्रसंग आपोआप तयार होतात. एक कॉलेजची मुलगी स्कूटीची चावी मागते. ‘माझी’ म्हणायचं राहून जातं. संध्याकाळपर्यंत तिच्या दारात चाव्यांचा ढीग. कपाटांच्या, कुलपांच्या, इतवारीतल्या एका बंद दुकानाच्या, आणि भोसल्यांच्या काळातली गंजलेली एक, जिचं कुलूपच आता उरलेलं नाही. तिची स्वतःची चावी सगळ्यात खाली. आणि मायच्या चेहऱ्यावर मुलीला पोटभर वाढल्याचं समाधान.

इथे बघा, देवी चुकलेली नाही. तिनं नियमाप्रमाणे काम केलं आणि वर भरघोस केलं. हसू येतं ते तिच्या उदारपणाचं आणि मुलीच्या घाईचं. नियम मात्र कथेच्या सुरुवातीला, पहिल्या वरदानाच्या आधीच वाचकाला कळायला हवेत. शेवटाकडे नवा नियम काढून सुटका करून घेतली तर वाचकाचा विश्वास उडतो, आणि तो परत येत नाही.

६. माझी देवी सुरुवातीला खूप हसवते, पण चौथ्या भागानंतर वाचक कंटाळतात. काय चुकतंय?

बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. ती एकच चूक पुन्हापुन्हा करते, किंवा तिला काही हवंच नसतं.

दुसरं कारण जास्त मोठं. प्रत्येक पात्राला काहीतरी हवं असतं, देवीलाही. गवसामायला एकच हौस आहे : आपल्या ठाण्यावर वर्षातून एकदा तरी जत्रा भरावी. मोठी नको, आकाशपाळणा नको, पण निदान एक फुगेवाला आणि एक जिलबीचं दुकान. दरवर्षी ती वाट बघते. म्हणून ती भक्तांना जास्तीचं देते, म्हणून ती दुसऱ्या देवांच्या जत्रेबद्दल चौकशी करते आणि ‘मले काय त्याचं’ म्हणून तोंड फिरवते. एवढी एक इच्छा मिळाली की तिच्या प्रत्येक उचापतीला कारण मिळतं आणि वाचक तिच्या बाजूनं होतो.

पहिल्या कारणावर उपाय म्हणजे तिला शिकू द्या. चाव्यांच्या ढिगानंतर ती मागणाऱ्याचं नाव, पत्ता, खूण विचारू लागेल. मग नवा घोळ व्हायला हवा. ती इतकी कसून चौकशी करते की रांगेतल्या माणसांना आपण नक्की काय हरवलंय हेच आठवेनासं होतं.

७. तिनं प्रमाण मराठीत बोलावं की वऱ्हाडी-नागपुरीत?

ती जिथली, तिथली भाषा. महालातल्या कडुलिंबाखाली बसलेली माय पुस्तकी बोलली तर परकी वाटेल. पण एक काळजी घ्या. बोली हाच विनोद आहे असं लिहू नका. ‘काहून’, ‘बे’, ‘करून राहिली’ एवढ्यावर लोकांनी हसावं अशी अपेक्षा ठेवली, की आपण आपल्याच आजीची नक्कल करतोय असं होतं. हसू आशयात हवं. हा नमुना पाहा :

‘काहून वं माय, एक चावी मागतली तं तू अख्खं शहरच आणून टाकलं!’
‘तू मागताना पत्ता सांगतला होता का? मंग! मी काय घरोघरी विचारत फिरू, ही कोनाची व्हय म्हणून?’
‘आता या बाकीच्याईचं काय करू?’
‘ज्याच्या त्याच्या घरी नेऊन दे. पुण्य लागते. अन् येताना जिलबी आनजो.’

यातले शब्द पुण्याच्या बोलीत फिरवले तरी हसू येईल. नागपुरीत ते जास्त लागतं, कारण माय हक्कानं बोलते आणि मुलगी तिला तू म्हणते. देवीला ‘आपण’ म्हणायला लावू नका. आपल्याकडे मायला कुणी आपण म्हणत नाही.

निवेदन मात्र प्रमाण भाषेत ठेवलं तर बाहेरच्या वाचकाला सोपं जातं. तुमची बोली पक्की असेल तर निवेदनही बोलीत करा. अर्धवट मात्र करू नका, एका परिच्छेदात ‘मले’ आणि पुढच्यात ‘मला’ असं झालं की वाचक ठेचकाळतो.

८. कथेत नागपूर कसं आणायचं? संत्री आणि तर्री-पोहे तर सगळेच लिहितात.

ऋतू आणि सण धरा, पदार्थ मागून आपोआप येतील.

नागपूरचा उन्हाळा हे स्वतःच एक पात्र आहे. मे महिन्याच्या शेवटी नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारी सीताबर्डीचा रस्ता ओस पडतो. अशा वेळी हरवलेल्या वस्तूंची देवी काय करते? लोक सावली मागतात. ‘माय, या चौकातलं झाड कुठं हरवलं?’ आणि मायला तर मागितलेलं द्यावंच लागतं, सूर्य मावळायच्या आत. रस्ता रुंद करताना तोडलेली सगळी झाडं एका दुपारी परत उभी राहिली तर वाहतुकीचं काय होईल, हे लिहून बघा. गंमत आहे आणि पोटात काहीतरी हलतंसुद्धा.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. शहर मोर्चांनी भरून जातं, लांबलांबच्या गावांतून लोक आपली गाऱ्हाणी घेऊन येतात. कुणाची फाइल हरवलेली असते, कुणाचा सातबारा. गवसामायच्या ठाण्यावर त्या आठवड्यात रांग लागणारच. इथे एका खऱ्या नेत्याचं नाव घालायचा मोह होतो. तो आवरा, दोन वर्षांत ती कथा शिळी होईल.

मालिका लिहीत असाल तर पोळ्यापासून कोजागिरीपर्यंतचा काळ सोन्यासारखा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे ईडापीडा घालवायला काढलेली मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, मग महालक्ष्म्यांचे, म्हणजे गौरींचे, तीन दिवस, मग भुलाबाईचा महिना, त्यातच नवरात्र. दर आठवड्याला कुणी ना कुणी मोठी देवी शहरात पाहुणी. आपली छोटी माय या सगळ्यांच्या गर्दीत स्वतःच्या जत्रेची वाट बघतेय. (तिची ही हौस प्रश्न ६ मध्ये आली आहे.)

महालक्ष्म्यांच्या जेवणाचं एक बारीक दृश्य सुचवते. घरात सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या. मुखवटे बसवलेत, आजी कुणाला धक्का लागू देत नाही. आणि ऐन नैवेद्याच्या वेळी पुरणयंत्राची जाळी सापडत नाही. सून मागच्या दारानं कडुलिंबाकडे पळते. माय जाळी देते, पण हळूच विचारते, ‘थोरल्या दोघी आल्या का? माझं नाव काढलं का त्याईनं?’

९. मारबतीला देवी म्हणून कथेत घेता येईल का?

घेता येईल, पण जपून. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं मानलं जातं. लोक पिवळीची पूजा करतात, ओटी भरतात, आणि मिरवणुकीनंतर दहन होतं. रोगराई, ईडापीडा ‘घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या घुमतात. सोबतचे बडगे त्या त्या वर्षीच्या रागाचे पुतळे असतात : महागाई, भ्रष्टाचार, कधी परदेशी पुढारी.

म्हणजे ज्या शहरात तुम्ही लिहिताय, तिथे दरवर्षी हजारो माणसं रस्त्यावर उतरून एका मोठ्या पुतळ्याच्या डोक्यावर आपली दुखणी घालतात आणि हसत-ओरडत जाळून टाकतात. विनोद आणि पूजा इथे वेगळे काढताच येत नाहीत. पण मारबत ही महालातल्या, जागनाथ बुधवारीतल्या लोकांची स्वतःची आहे. तिला बोलकं पात्र करण्यापेक्षा आपल्या मायला गर्दीत उभं करा. त्या दिवशी लोक नको असलेल्या गोष्टी देऊन टाकतात, आणि गवसामायचं काम तर हरवलेलं परत आणायचं. कुणी चुकून म्हणालंच, ‘माझा खोकला कुठं गेला?’, तर?

१०. ॲनिमेमध्ये, म्हणजे जपानी कार्टून मालिकांत, अशा भारी विनोदी देवी असतात. तसंच पात्र मराठीत आणलं तर चालेल का?

त्यांच्याकडून बांधणी शिका, पात्र उचलू नका. एक, ती नक्कल ठरते. दोन, त्या देवी त्यांच्या मातीतून उगवल्या आहेत. जपानमध्ये शिंतो परंपरेत देव असंख्य, डोंगराचे, ओढ्याचे, चुलीचे, आणि त्यांच्यातही हसू फार जुनं आहे. ‘कोजिकी’ हा ७१२ सालचा ग्रंथ. त्यात सूर्यदेवी आमातेरासु भावाच्या दांडगाईला वैतागून गुहेत जाऊन बसते आणि जगात अंधार होतो. देव एकत्र जमतात. उझुमे नावाची देवी पालथ्या घातलेल्या टबावर चढून असा काही नाच करते की सगळे देव खदखदून हसतात. बाहेर हसतायत कशाला, म्हणून आमातेरासु दार किलकिलं करते, तिच्यासमोर आरसा धरलेला असतो, आणि तेवढ्यात तिला बाहेर ओढलं जातं. उजेड परत येतो तो हसण्यामुळे.

शिकायचं ते इथे. उझुमेचा नाच हास्यास्पद आहे, पण त्यावर जग अवलंबून आहे. तुमच्या देवीच्या गमतीवर काहीतरी खरं अवलंबून ठेवा. बाकी केसांचा निळा रंग, दुसऱ्या जगात पुनर्जन्म, साहसी टोळी वगैरे त्यांचं त्यांच्याकडे राहू द्या. आपल्याकडे वाडा आहे, रिक्षा आहे, पाण्याचा टँकर आहे.

११. देवीनं स्वतः हसावं का? कशी हसेल ती?

हसावं, पण मोजकं. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यम, शेवटचे दोन अधम. स्मितात दातही दिसत नाहीत, अतिहसितात डोळ्यांत पाणी येतं आणि कुशी धरून हसावं लागतं. हास्यरसाची देवता प्रमथ, म्हणजे शिवाचे गण. प्रश्न २ मध्ये नंदीची खोडी काढणारे तेच.

याचा सरळ उपयोग होतो. गवसामाय एरवी स्मितावर थांबते, कारण ती स्वतःला उत्तम पात्र समजते. मग सगळ्या कथेत एकदाच, अगदी योग्य जागी, तिला अतिहसितापर्यंत जाऊ द्या. शेंदूर लावलेला दगड गदगदा हलतो आणि कडुलिंबाचा पाला खाली पडतो. ते एकदाच असल्यामुळे वाचकाच्या लक्षात राहतं.

१२. तिला वाहन द्यायलाच हवं का?

हवंच असं नाही, पण दिलं तर प्रसंग मिळतात. नागपूरच्या झिरो माईलच्या स्तंभापाशी चार घोड्यांचे पुतळे आहेत, धावण्याच्या आवेशात, पण जागच्या जागी. त्यातला एक गवसामायचा, असं मी धरते. ती रोज संध्याकाळी त्याला निघायला सांगते. तो रोज तयारीत असतो.

१३. प्रसिद्ध आरतीचं विडंबन घातलं तर?

नको. ज्या आरतीवर लोक रोज टाळ्या वाजवतात तिच्या शब्दांशी खेळलात तर वाचक कथेतून उठून जातो. तिची स्वतःची आरती लिहा, अगदी छोटी, आणि ती गाणाऱ्यांना चाल येत नाही असं दाखवा. पुरतं.

१४. भक्तानं देवीशी भांडलेलं, तिला बोल लावलेले चालतात का?

चालतात. संतांनी विठोबाला काय काय ऐकवलंय ते आठवा, जनाबाईंनी तर फारच मोकळेपणानं. भांडण हे नात्याचं लक्षण आहे. फक्त भांडणाऱ्यानं आधी तिच्याकडून काहीतरी मागितलेलं असावं. बाहेरून आलेला, तिच्याशी काही देणंघेणं नसलेला माणूस शिव्या देतो तेव्हा ते भांडण राहत नाही.

१५. कायद्याचं काय? गुन्हा दाखल होऊ शकतो का?

भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ या विषयाचं आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच भारतीय दंड विधानात २९५-अ होतं. एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेल्या कृतीबद्दल ते आहे, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हेतू हा त्यातला कळीचा भाग. नवी देवी, प्रेमानं लिहिलेली, कुठल्या समाजाला हिणवण्याचा प्रयत्न नाही, अशी कथा तुम्ही लिहीत असाल तर तुमचा हेतू कथेतच दिसतो. खरोखर काही शंका असेल तर वकिलाला विचारा, मित्रांना नको.

एकांकिका किंवा नाटक करणार असाल तर एक गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. स्पर्धेच्या तारखेच्या तोंडावर धावपळ करू नका, संहिता पक्की झाली की लगेच पाठवा. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, वडसा हे त्याचं मोठं केंद्र. तिथे प्रयोग करायचा विचार असेल तर संहितेत संगीताला आणि विनोदी जोडीला जागा ठेवा. तिथला प्रेक्षक रात्रभर बसतो, त्याला दोन तासांत घरी पाठवलेलं आवडत नाही.

१६. कथेत नास्तिक पात्र असेल तर ते हरलंच पाहिजे का?

मुळीच नाही. त्याला बरोबर असू द्या आणि तरी देवी समोर असू द्या. ‘तू नाहीस’ असं तो रोज येऊन सांगतो, आणि माय रोज त्याला त्याचा विसरलेला चष्मा देते. दोघांनाही आपली बाजू सोडायची गरज पडत नाही.

१७. कुणी तिच्याकडे हरवलेलं माणूस मागितलं तर? इथे माझी कथा अडते.

सगळ्यात अवघड प्रश्न हा, आणि हरवलेल्या वस्तूंची देवी लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी येतोच. म्हातारा मेलेल्या बायकोला मागतो. आई घर सोडून गेलेल्या मुलाला मागते. नियम सांगतो, मागितलेलं सूर्य मावळायच्या आत मिळतं. मग?

घर सोडून गेलेल्या मुलाचं सोपं आहे, तो जिवंत आहे. माय त्याला आणू शकते, पण माणूस वस्तू नाही, ओढून आणता येत नाही. ती त्याचीच हरवलेली एखादी वस्तू त्याच्यापर्यंत पोचवते आणि मग पुढचं त्याच्यावर सोडते. तो परत येईल किंवा फोन करील, किंवा नाही करणार. तिन्ही शेवट खरे आहेत. तुमच्या कथेला जो शोभतो तो घ्या.

मेलेल्या माणसाच्या बाबतीत दोन चुका होतात. एक म्हणजे देवी उपदेश करते, जन्म-मृत्यूबद्दल चार वाक्यं बोलते. तिच्या तोंडी उपदेश आला की ती गेलीच. दुसरी म्हणजे ती बायकोला खरंच परत आणते आणि सगळं गोड होतं. वाचकाच्या घरातही कुणीतरी गेलेलं असतं, त्याला ते खोटं लागतं.

मी असं करीन. माय पहिल्यांदाच म्हणते, ‘हे माझ्या हद्दीत नाही.’ आतापर्यंत हद्द म्हटलं की ती फुशारकी मारायची, आज तिचा आवाज बारीक आहे. मग ती कामाला लागते, कारण दुसरं तिला काही येत नाही. संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्याच्या ओसरीवर वस्तू यायला लागतात. बायकोचा चाळिशीचा चष्मा. भिशीची वही, तिच्या अक्षरातली. लग्नातल्या आहेराच्या भांड्यांपैकी शेजारी गेलेली पितळी गंजी, जिच्यावरून दोघांचं वीस वर्षं भांडण चाललं होतं. म्हातारा गंजी उचलून नाव वाचतो आणि म्हणतो, ‘सांगत होतो ना, पाटलाईनं नेली म्हणून!’ इथे वाचक हसतो. हसता हसता त्याचा घसा दाटतो, आणि तुम्ही एकही रडका शब्द लिहिलेला नसतो.

हा प्रसंग मालिकेत लवकर वापरू नका. आधी चाव्यांचे ढीग, झाडं, फाइली होऊन जाऊ द्या. वाचकाला वाटलं पाहिजे की ही माय काहीही आणू शकते. तरच ‘माझ्या हद्दीत नाही’ हे वाक्य लागतं.

१८. एकाच कथेत दोन विनोदी देवी ठेवल्या तर?

ठेवा, पण त्यांचे अधिकार एकमेकांना भिडणारे हवेत. दोघी सारख्याच विसराळू किंवा सारख्याच हट्टी असतील तर एक जास्तीची ठरते. महालक्ष्म्यांमध्ये ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी शेजारी बसतात. थोरली अलक्ष्मी आणि धाकटी लक्ष्मी, अशी कथा आहे. पूजा दोघींची होते, एकीला वगळत नाहीत. बहिणी असून स्वभाव उलट, हे सूत्र घ्या.

गवसामायची बहीण असलीच तर ती वस्तू हरवणारी असेल. वाईट नाही, तिचंही कारण आहे : माणसं फार सामान साठवतात, कुणीतरी कमी करायला हवं. थोरली उचलून नेते, धाकटी आणून देते, आणि दोघी मध्ये कडुलिंबाखाली बसून हिशेब करतात. वरदानाचे नियम (प्रश्न ५) दोघींना वेगवेगळे लिहून काढा आणि ते कुठे एकमेकांवर आदळतात ते आधी तपासा. आणि दोघी एकत्र बोलतात तेव्हा कोण बोलतंय हे नाव न लिहिता कळलं पाहिजे. संवाद मोठ्यानं वाचून बघा. कळत नसेल तर धाकटीची वाक्यं निम्मी करा.